गाव वरच असतं! : इटलीतल्या सायकलप्रवासाबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी टस्कनी आणि उंब्रिया या इटलीतल्या दोन डोंगराळ प्रांतांत सायकलीवरून कसं फिरायचं, यावर लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं अख्खं सदर पत्रांनाच देऊन टाकलं. पत्रं कापून-छाटून घेतली आहेत, पाठवणाऱ्यांची नावं वगळून फक्त गावं ठेवली आहेत. कुणाला उत्तर ऐसपैस मिळेल, कुणाला दोन ओळींत. रुसू नका.

आम्ही चौघे मित्र. रविवारी शंभरेक किलोमीटर सहज होतात, सिंहगड तर नेहमीचाच. फ्लोरेन्स–सिएना–पिएन्त्सा–ओर्व्हिएतो असा तीन दिवसांचा बेत आखलाय. जमेल ना? — पुणे

पाय जमवतील हो, त्याची काळजी नाही. पण तुम्ही हिशेब किलोमीटरचा मांडलाय आणि तिथे हिशेब चढाचा असतो.

सिंहगड एकदा दात-ओठ खाऊन चढलात की वर पिठलं-भाकरी, दही, आणि मग नुसता उतार. टस्कनीत असा एक मोठा घाट सहसा लागत नाही. दोनशे मीटर चढ, दीडशे उतर, पुन्हा शंभर चढ, असं दिवसभर चालू असतं. फ्लोरेन्स ते सिएना हा कियान्तीच्या टेकड्यांमधून जाणारा जुना रस्ता जेमतेम 70 किलोमीटरचा. नकाशावर बघितलं तर दुपारच्या जेवणाला सिएनात पोहोचू असं वाटतं. प्रत्यक्षात फ्लोरेन्स सोडल्यावर पहिली टेकडी, मग ग्रेव्हेला खाली उतरायचं, लगेच पांझानोचा चढ, परत दरीत, आणि पुढे कास्तेल्लिना, ते 578 मीटरवर. बेरीज केलीत तर चढ हजार मीटरच्या पुढे जातो.

आणि दिवसाचा शेवट कुठे होतो? चढावर. कारण गाव वरच असतं. रोमनांच्याही आधीच्या एत्रुस्कन लोकांच्या काळापासून वस्ती टेकडीच्या डोक्यावर. खाली शत्रूची भीती, दलदल आणि हिवताप. मोन्तेपुल्चानोच्या खालची कियाना नदीची दरी आज हिरवीगार शेती दिसते ना, ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकापर्यंत पाणी काढून काढून कोरडी केलेली दलदल आहे. त्यामुळे तुमचं हॉटेल, तुमचं जेवण, तुमची आंघोळ, सगळं वर. मोन्तेपुल्चानो 605 मीटर, मोन्ताल्चिनो 567, रादिकोफानी तर 800च्या वर. संध्याकाळी पाच वाजता, पाण्याची बाटली रिकामी असताना, समोर तटबंदी दिसत असते आणि रस्ता तिला वळसे घालत बसतो.

म्हणून माझं ऐका. हाच रस्ता निम्म्या वेगाने करा, दिवसाला 45–50 किलोमीटर पुरे. सिएनाहून पिएन्त्साला कासिया नावाच्या हमरस्त्याने जाऊ नका, ट्रकवाले भंडावून सोडतात. आशानोवरून जाणारा लाउरेताना रस्ता धरा. दोन्ही बाजूला क्रेते सेनेसीच्या चिकणमातीच्या टेकड्या. मे महिन्यात त्या गव्हाने हिरव्या असतात, जूनअखेर पिवळ्या, आणि ऑगस्टनंतर नांगरून टाकल्या की नुसत्या राखाडी. मला त्या राखाडीच आवडतात, पण फोटोवाल्यांचं मत वेगळं असतं. वाटेवरून थोडं आत मोन्ते ओलिवेतो माज्जोरे हा चौदाव्या शतकातला मठ आहे, तो चुकवू नका. जुलै-ऑगस्ट मात्र टाळा. पारा 35च्या वर, सावलीला फक्त सुरूसारखी उंच सरळ सायप्रसची झाडं, आणि त्यांची सावली ती केवढीशी! शिवाय 2 जुलै आणि 16 ऑगस्टला सिएनात पालिओची घोडेशर्यत असते. त्या सुमारास खोली मिळणं मुश्कील, आणि मिळालीच तर भाडं ऐकून सायकल विकावीशी वाटेल.

आपल्या राजाराम महाराजांची छत्री फ्लोरेन्समध्ये आहे असं ऐकून आहे. तिथे सायकलीने जाता येतं का? — कोल्हापूर

आपल्या गावाहून हा प्रश्न आला नसता तर मीच तो घुसडणार होते! जाता येतं, आणि सायकलीनेच जावं. फ्लोरेन्सच्या पश्चिमेला आर्नो नदीच्या काठाने काशिने नावाचं लांबलचक उद्यान आहे. त्यातून सरळ सपाट सायकलमार्ग जातो. मोठी झाडं, धावणारी माणसं, कुत्री फिरवणारी म्हातारी मंडळी. अगदी टोकाला, जिथे मुन्योने हा ओढा आर्नोला मिळतो, तिथे महाराजांचं स्मारक. छत्रीखाली रंगवलेला अर्धपुतळा, डोक्याला पागोटं.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परत येताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लोरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. तिथल्या सरकारने खास परवानगी दिली आणि हिंदू रीतीप्रमाणे नदीच्या संगमावर दहन झालं. स्मारक 1874 सालचं. त्याचा आराखडा चार्ल्स मँटचा, आपला नवा राजवाडा ज्याने उभारला तोच हा मँट. तिथल्या लोकांच्या तोंडी या जागेचं नाव नुसतं 'इंदियानो'. शेजारून आर्नोवर जो मोठा तारांचा पूल गेलाय, तोही 'इंदियानो'च. फ्लोरेन्सच्या गर्दीत रस्ता चुकलात तर कुणालाही विचारा, 'इंदियानो?' हात त्याच दिशेला जाईल. मी तिथे बाकावर बसून शिदोरी खाल्ली. शेजारच्या बाईंनी विचारलं, तुम्ही त्यांच्यापैकी का? म्हटलं, त्यांच्या गावची.

आणि उंब्रियात उतरलातच तर मोन्तोने नावाचं एक छोटं डोंगरमाथ्यावरचं गाव आहे, उंबेर्तिदेच्या वर. त्या परिसरात, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात, 10 जुलै 1944 रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे लढताना पडले. मशीनगनच्या माऱ्यात सोबतचे सगळे जवान मेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे त्या ठाण्यावर चालून गेले. गोळ्या संपल्यावर बंदूक उलटी धरून त्यांनी उरलेल्या दोघांना झोडपून काढलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय बावीस, गाव रायगड जिल्ह्यातलं पळसगाव. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह सापडला नाही, त्यामुळे कबर नाही. 2023 साली मोन्तोनेत त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक झालं. तिथवरचा चढ सोपा नाही, पण कोल्हापूर-रायगडच्या माणसाने तो चढावाच.

आम्ही दोघं साठी ओलांडलेली. गुडघे कुरकुरतात. इलेक्ट्रिक सायकल घेतली तर चीटिंग होईल का? — नाशिक

कोणाशी चीटिंग? तिथे कोण परीक्षा घ्यायला बसलंय? खुशाल घ्या. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

इथून तुमची स्वतःची इलेक्ट्रिक सायकल नेता येणार नाही. तिची बॅटरी प्रवासी विमानात चढवू देत नाहीत. तिथेच भाड्याने घ्यायची. युरोपातल्या नियमाप्रमाणे मोटर तुम्ही पायडल मारलं तरच साथ देते, आणि ताशी 25 किलोमीटरला मदत थांबवते. म्हणजे स्कूटर समजू नका, दम लागतोच. मदत सगळ्यात कमी पातळीवर ठेवायची आणि जास्त मदतीचं बटण फक्त गावच्या शेवटच्या चढासाठी राखून ठेवायचं. दुपारीच बॅटरी उधळलीत तर संध्याकाळी तटबंदीखाली पंचवीस किलोचं लोखंड ढकलत उभे राहाल. तिसरी गोष्ट रेल्वेची. लहान स्थानकांवर कैकदा लिफ्ट नसते, पुलाच्या किंवा भुयाराच्या पायऱ्या असतात. दोघांनी मिळून एक-एक सायकल उचलायची तयारी हवी. तुमच्या वयाला मी म्हणेन, गाडी न बदलावी लागेल असंच ठिकाण निवडा.

खरं तर तुम्ही टस्कनीच्या नादी न लागता उंब्रियात जा. असिसी ते स्पोलेतो असा पन्नासेक किलोमीटरचा सायकलमार्ग आहे, बहुतेक सपाट, ओढ्या-कालव्यांच्या काठाने जाणारा. वाटेत बेवान्या. हे मात्र खालच्या सपाटीवरचं गाव, माझा नियम मोडणारं! जुना रोमन रस्ता सरळ गावातून जातो. स्पेल्लो, त्रेवी, मोन्तेफाल्को ही गावं वर टेकड्यांवरून तुमच्याकडे बघत राहतील. वाटलं तर एखाद्यावर बटण दाबून जा, नाही तर खालूनच राम राम. दुसरा पर्याय त्रासिमेनो तलावाची प्रदक्षिणा, साठेक किलोमीटर. ती दोन दिवसांत करा आणि मधे बोटीने इझोला माज्जोरे या बेटावर जाऊन या. याच तलावाच्या काठावर इसवी सनपूर्व 217 मध्ये कार्थेजच्या सेनापती हॅनिबलने रोमनांना धुक्यात गाठून कापून काढलं होतं.

असिसीचं नाव निघालंच आहे म्हणून सांगते. फ्लोरेन्सजवळचा जिनो बार्ताली हा 1938ची तूर द फ्रान्स जिंकलेला सायकलपटू. नाझी अंमलात सरावाच्या नावाखाली तो फ्लोरेन्स-असिसी सायकल मारायचा. सायकलीच्या नळीत ज्यूंसाठी बनवलेली खोटी ओळखपत्रं लपवलेली असायची. वाटेत अडवलं तर सांगायचा, सायकलला हात लावू नका, वेगासाठी सगळे भाग मापात बसवलेत. आयुष्यभर तो याबद्दल फारसं बोलला नाही. 2013 साली इस्रायलने त्याला मरणोत्तर सन्मान दिला. तुम्ही बटण दाबताना त्याची लाज वाटून घेऊ नका, एवढंच!

आम्ही शुद्ध शाकाहारी, घरात कांदा-लसूणही चालत नाही. तिथे उपाशी राहू का? — सांगली

शाकाहारी म्हणून उपाशी राहणार नाही. कांदा-लसणाचं मात्र अवघड आहे, लपवत नाही. टस्कनीचं जवळजवळ प्रत्येक सूप कांदा, गाजर, सेलरी तेलावर परतूनच सुरू होतं. पिची म्हणजे हातावर वळलेल्या जाड शेवया, दिसायला आपल्या कुरडईच्या ओल्या चिकासारख्या पांढऱ्या आणि गुळगुळीत. त्यांचा सगळ्यात प्रसिद्ध प्रकार लसूण-टोमॅटोचा. तुम्ही 'काचो ए पेपे' मागा, नुसतं चीज आणि मिरी. पण तिथल्या पेकोरिनो, पार्मेजानो या चीजमध्ये वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं विरजण असतं. ते चालत नसेल तर ऑलिव्ह तेल, टोमॅटो, तुळशीच्या भावकीतलं बाझिल आणि पाव. रिबोल्लिता हे कालच्या पावाचं, काळ्या कोबीचं, घेवड्याचं दाट कालवण कांद्याविना मिळायचं नाही. बाकी शाकाहाऱ्यांनी ते सोडू नये, फक्त मांसाचं पाणी नाही ना, ते विचारून घ्यावं.

टस्कनीचा पाव अळणी असतो. पहिल्या घासाला वाटतं, बेकरीवाला मीठ विसरला. तिथली रीतच तशी, कारण बरोबरचं चीज खारट असतं. दिवसभर घाम गाळलेल्या माणसाला मात्र तो घशाखाली उतरत नाही. तेव्हा खिशात मिठाची पुडी ठेवा. भडंग न्या, शेंगदाण्याची चटणी न्या, मेतकूट न्या. पेढे, तूप, बर्फी नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतील.

वेळेचंही सांभाळा. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातनंतर. मधल्या वेळात खेड्यातली दुकानंही दडी मारून असतात. त्या वेळेत सायकलवाल्याचा आधार म्हणजे बार. दारूचा गुत्ता डोळ्यांपुढे आणू नका. ती कॉफीची टपरी असते आणि आज्ज्यासुद्धा तिथे येतात. उभ्याने कॉफी प्यायलात तर स्वस्त, बसलात तर कैकदा जास्त पैसे. कॉफीच्या निमित्ताने शौचालय आणि बाटलीत पाणी, दोन्ही कामं होतात. गावच्या कारंज्याचंही पाणी प्यायला हरकत नाही, फक्त 'नॉन पोताबिले' लिहिलेलं असेल तर नको.

आजोबांची साठ सालची सायकल आहे, अजून ठणठणीत. जुन्या सायकलींच्या त्या इटलीतल्या यात्रेत ती चालेल का? — इचलकरंजी

तुम्ही म्हणताय ती लेरोइका. 1997 साली गायोले इन कियान्ती या गावात सुरू झाली, दर वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला असते. कच्चे पांढरे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. नियम मुख्यतः 1987च्या आधीच्या शर्यतीच्या सायकलींसाठी आहेत. गिअरचे दांडे फ्रेमच्या खालच्या नळीवर हवेत, ब्रेकच्या केबल हँडलबाहेर, पायडलला जुन्या पद्धतीचे पट्टे. अंगात लोकरी जर्सी. तुमच्या आजोबांची काळी, मागे कॅरिअर असलेली दूधवाल्याची सायकल या वर्णनात बसत नाही. आयोजकांना फोटो पाठवून आधी विचारा. पण विचार करा, एक गिअर, वीस किलो वजन आणि खडीचा चढ!

यात्रेत भाग घेतलाच पाहिजे असं नाही. तिचा 209 किलोमीटरचा कायमचा मार्ग बारा महिने खुला असतो, जागोजागी पाट्या लावलेल्या. फी नाही, सायकलीचं वय कोणी विचारत नाही. ब्रोलिओच्या किल्ल्याकडे जाणारा सायप्रसच्या रांगेतला पांढरा चढ एवढा जरी केलात तरी पैसे वसूल. आजोबांच्या सायकलीची घंटा काढून भाड्याच्या सायकलला लावा. तिथे घंटा कायद्यानेच लागते.

मुलगी चोवीस वर्षांची, एकटीच निघालीय. मला झोप येत नाही. — डोंबिवली

ताई, माणसांची भीती बाळगू नका. या खेड्यांत एकटी सायकलवाली मुलगी ही रोजची गोष्ट. शेतघरांत खोल्या मिळतात, त्यांना अग्रितुरिस्मो म्हणतात. मालकीणबाई जेवायला घालून वर उशीर का झाला म्हणून दटावतात. भीती बाळगायची ती दुसऱ्याच दोन-तीन गोष्टींची.

कुत्री. पिएन्त्साजवळच्या वाल दोर्चा खोऱ्यातल्या कुरणांत पेकोरिनोसाठी मेंढ्या असतात आणि कळपात मोठी पांढरी राखणदार कुत्री. ती अंगावर धावून येतात, कारण त्यांचं कामच ते. पळायचं नाही, वेगाने पायडल मारायचं तर मुळीच नाही. उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मधे धरायची, डोळ्याला डोळा न भिडवता सावकाश चालत कळपापासून लांब जायचं. कळप मागे पडला की कुत्रं परत फिरतं.

शिकारी. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून जानेवारीअखेरपर्यंत रानडुकरांची वगैरे शिकार चालते. जंगलातल्या पायवाटेने जायचं तर भडक, उजेडात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट हवं. मंगळवार आणि शुक्रवारी शिकारीला बंदी असते, रानवाटा त्या दिवसांसाठी ठेवा. तेच जॅकेट सूर्यास्तानंतर गावाबाहेर आणि बोगद्यात कायद्याने सक्तीचं आहे. हेल्मेट सक्तीचं नाही, पण तुम्ही तिला घरून सक्ती करा. कुठलीही आणीबाणी असो, फोन 112. आणि रोज रात्री एक मेसेज, यावर तडजोड नको.

व्हिसाला किती आधी लागायचं? — लातूर

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, पंधरा दिवसांच्या आत आलात तर उशीर झाला. मोठ्यांची फी 90 युरो, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. किमान 30,000 युरोंचा प्रवासविमा लागतो. रोजचा मुक्काम कुठे, ते दाखवावं लागतं, म्हणून आधी मार्ग ठरवा, मग अर्ज.

काकू, मी श्टुटगार्टला शिकतो. एप्रिलअखेर स्वतःची सायकल घेऊन येतोय. पांढऱ्या रस्त्यांना कुठले टायर? आणि इटलीतल्या गाड्यांत सायकल घेतात का? — श्टुटगार्ट

घेतात रे. प्रादेशिक गाड्यांच्या ज्या डब्यावर सायकलचं चित्र असतं त्यातच चढायचं, सायकलचं वेगळं तिकीट काढायचं. कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारल्याशिवाय बसू नकोस, तपासनीस दंड लावतो आणि विद्यार्थी आहे म्हणून सोडत नाही. अतिवेगवान गाड्यांत सायकल सुटी करून पिशवीत भरली तरच.

टायर 35 ते 40 मिलिमीटरचे घाल. हवा नेहमीपेक्षा कमी ठेव, म्हणजे खडीवर चाक उड्या मारणार नाही. खरा त्रास चढावर नसतो, उतारावर असतो. वळणाच्या तोंडाशी गाड्यांनी खडी बाजूला ढकललेली असते आणि रस्ता पन्हाळीच्या पत्र्यासारखा झालेला असतो. ब्रेक वळणाच्या आधीच मार, वळणात पुढचा ब्रेक दाबलास तर आडवा होशील. एप्रिलअखेर पाऊस असतोच. पाऊस पडून गेला की क्रेतेमधल्या कच्च्या वाटेवर जाऊच नकोस. ती चिकणमाती चाकाला असा थर धरते की मडगार्डखाली चाक फिरायचं थांबतं आणि काटकीने खरवडत बसावं लागतं. त्या दिवशी डांबरी रस्त्याने बान्यो विन्योनी गाठ. गावच्या चौकातच गरम पाण्याचं कुंड आहे. त्यात उतरायला मनाई आहे, पण तेच पाणी पुढे पाणचक्क्यांच्या बाजूला दगडी पाटांतून वाहतं. तिथे काठावर बसून पाय सोडतात. चपला सोबत घे, सायकलचे बूट ओले झाले तर दुसऱ्या दिवशी सकाळीही वाळत नाहीत. दुकानं दुपारी आणि रविवारी बंद असतात, तेव्हा दोन जादा ट्यूब आणि साखळीची कडी बॅगेत टाकूनच नीघ.